बीटा बघताय? आधी विचारा, कशाच्या तुलनेत!

परवा तासगावहून भाच्याचा मेसेज आला. बेदाण्याचे पैसे आलेत, त्यातले थोडे ईटीएफमध्ये टाकतोय, आणि सोबत एका बँक ईटीएफच्या महिन्याच्या पत्रकाचा स्क्रीनशॉट. त्यात बीटा (ठरवलेल्या मापाच्या तुलनेत फंड किती हलतो तो आकडा) १.०० ला त्यानं लाल गोल केलेला. खाली लिहिलेलं, "मामा, निफ्टीवाल्याचा पण एकच आहे आणि ह्याचा पण एकच, म्हणजे रिस्क सेमच की!"

नाही रे बाबा. तो एक बँक इंडेक्सच्या, म्हणजे ठराविक बँकांच्या शेअर्सचा मिळून निघणाऱ्या आकड्याच्या, तुलनेत होता. बँक ईटीएफ बँक इंडेक्सच्या पावलावर पाऊल टाकून चालतोय एवढंच त्या आकड्यानं सांगितलं, आणि तेवढं करण्यासाठीच तर तो फंड काढलाय. आपल्याच काट्यावर आपलीच हळद तोलायची आणि म्हणायचं वजन बरोबर भरलं, त्यातला प्रकार. फोनवर सगळं सांगत बसलो तर सौद्याच्या दिवशी इकडं शेतकऱ्यांच्या पट्ट्या राहतात, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढू, त्याला पण पाठवता येईल आणि अजून कोण नवीन असेल त्याला पण उपयोगी पडेल.

माझी ओळख एवढीच की मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब बघतो. सेबीचं रजिस्ट्रेशन-बिजिस्ट्रेशन काय नाही, त्यामुळं हे घ्या ते विका असलं इथं मिळणार नाही. पण ईटीएफचा बीटा स्वतः काढायची सवय लागलीय, आणि ज्याला बेरीज-वजाबाकी येते आणि गूगल शीट उघडता येतं त्याला हे अर्ध्या तासात जमतं.

ईटीएफ म्हणजे काय हे दोन ओळीत, कारण ते सगळीकडं सापडतं. शेअर्सची (किंवा सोन्याची, रोख्यांची) तयार टोपली, जी शेअरसारखी डीमॅटमधून दिवसभर विकत घेता येते. आपल्याकडं पहिला निफ्टी बीज, डिसेंबर २००१ चा. सोन्याचा पहिला २००७ ला आला. आता इतके झालेत की नावं वाचूनच डोकं फिरतं, त्यामुळं कुठला किती हलतो हे बघायला काहीतरी माप लागतंच.

आयर्विन पूल आणि बीटा

सांगलीकराला बीटा समजवायला आयर्विन पूल पुरतो. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की सगळं गाव एकच आकडा विचारतं, आयर्विनला किती फूट? ४० झाली की इशारा, ४५ झाली की धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेली तेव्हा मारुती चौकात होड्या फिरल्या. पण आकडा एक असला तरी पाणी सगळ्यांना सारखं लागत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं इशारा पातळी यायच्या आधीच सामान वर चढवायला लागतात, आणि त्याच दिवशी विश्रामबागेत लोक गॅलरीत उभं राहून चहा पीत मोबाईलवर पुराचे व्हिडिओ बघत असतात.

आयर्विनचा आकडा म्हणजे निफ्टी, ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा मिळून निघणारा आकडा. तो हलला की तुमच्या दारात किती हलतं तो तुमचा बीटा. उदाहरण फार ताणू नका, घरात पाणी टक्क्यांच्या हिशोबानं शिरत नाही, पण कल्पना हीच.

आकड्यात सांगायचं तर बीटा १ म्हणजे निफ्टी १ टक्का हलली की तुमचा ईटीएफ पण सरासरी १ टक्का त्याच दिशेला. १.३ म्हणजे सरासरी १.३ टक्के, वर जाताना पण आणि खाली येताना पण (वरचं सगळ्यांना आवडतं, खालचं विसरतात). ०.७ म्हणजे थोडा शांत. शून्याच्या आसपास म्हणजे निफ्टीशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. मायनस म्हणजे उलट दिशा, तसलं क्वचित दिसतं. "सरासरी" हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिलाय.

आणि एक दुसरं पाणी पण असतं. नदी शांत असताना सुद्धा एक जोराची सर आली की स्टेशन चौकात पाणी तुंबतं, त्याचा कृष्णेशी काय संबंध नाही. तसं एखाद्या कंपनीत घोटाळा निघाला, एखाद्या धंद्यावर सरकारनं कर लावला, ते त्या शेअरचं किंवा सेक्टरचं स्वतःचं पाणी. बीटा ते मोजत नाही, तो फक्त नदीचं मोजतो. ५० कंपन्यांच्या ईटीएफमध्ये असलं गल्लीतलं पाणी एकमेकांत जिरून जातं, म्हणून तिथं बीटा बराच काही सांगतो. दहा-बारा शेअर्सच्या सेक्टर ईटीएफमध्ये तेवढं जिरत नाही.

ही सगळी कल्पना विल्यम शार्प यांच्या १९६४ च्या पेपरपासून फेमस झाली, १९९० ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात हे काम होतं. म्हणजे काल-परवाची यूट्यूबवाल्यांची आयडिया नाही.

पायरी १ : माप ठरवा

बहुतेक नवखे इथंच गंडतात, भाचा गंडला तसाच. कुठंही बीटा लिहिलेला दिसला की पहिला प्रश्न, कशाच्या तुलनेत? फंड कंपनीच्या पत्रकात तो बहुतेक वेळा त्या योजनेच्या स्वतःच्या बेंचमार्कच्या, म्हणजे तिनं स्वतःसाठी ठरवलेल्या इंडेक्सच्या, तुलनेत असतो. इंडेक्सवर चालणाऱ्या ईटीएफला तो एकच्या आसपास येणारच, आला नाही तर उलट फंडवाल्याला विचारायला पाहिजे की बाबा तू करतोयस काय. अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या बीट्याखाली तर कधीकधी काहीच लिहिलेलं नसतं, किती वर्षांचा, कशाशी, काय पत्ता नाही. असला आकडा मी वापरतच नाही.

मार्केट रिस्क बघायची असेल तर सगळ्या ईटीएफला एकच माप लावा. मी निफ्टी ५० लावतो. निफ्टी ५०० लावलं तरी चालेल, किंबहुना मिडकॅप-स्मॉलकॅप (मधल्या आणि छोट्या कंपन्या) जास्त असतील तर तेच जास्त बरोबर. पण एकदा ठरवलं की सगळ्यांना तेच, एकाला किलो आणि दुसऱ्याला शेर असं नको.

शॉर्टकट हवा असेल तर एनएसई प्रत्येक इंडेक्सचं एक छोटं पीडीएफ काढते, फॅक्टशीट म्हणतात. निफ्टी बँक, एफएमसीजी (साबण-बिस्किटवाले), आयटी, लो व्होलॅटिलिटी (कमी हलणारे शेअर्स), सगळ्यांचं असतं. त्यात स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा, कोरिलेशन असा छोटा तक्ता असतो, आणि तिथला बीटा निफ्टी ५० च्या तुलनेत असतो, एक वर्षाचा वेगळा, पाच वर्षांचा वेगळा. तुमचा ईटीएफ ज्या इंडेक्सवर चालतो त्याचं फॅक्टशीट उघडलं की काम झालं. भाच्याला मी आधी हेच उघडायला लावलं. बँकेचा आकडा बघून म्हणाला, "मामा हे तर वेगळंच दिसतंय." दिसणारच की.

तरी पण एकदा हातानं काढून बघाच, कारण हातानं काढल्याशिवाय ह्या आकड्यात किती कच्चेपणा असतो ते कळत नाही.

पायरी २ : भाव गोळा करा

दोन-तीन वर्षांचे आठवड्याचे आकडे घ्या. दोन वर्षं म्हणजे साधारण १०४ ओळी, तीन म्हणजे १५६. रोजचे घेतले तर गोंधळ जास्त असतो, महिन्याचे घेतले तर ओळी कमी पडतात, आठवड्याचे मला बरे वाटतात. निफ्टीचे जुने आकडे निफ्टी इंडायसेसच्या साइटवर मिळतात, ईटीएफची एनएव्ही (आतल्या मालाची एका युनिटमागची किंमत) अ‍ॅम्फीच्या, म्हणजे म्युच्युअल फंडवाल्यांच्या संघटनेच्या, साइटवर.

बाजारभावापेक्षा एनएव्ही घ्या असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. बरेच ईटीएफ असे आहेत की दिवसात चार लोक घेतात आणि दोन विकतात. शेवटचा सौदा दुपारी दीडला झालेला, त्यानंतर निफ्टी दीड टक्का पडली, तरी ह्याचा भाव दुपारच्या दीडच्या सौद्यालाच अडकलेला. असल्या भावावरून बीटा काढला की तो कमी येतो आणि आपण म्हणतो वा, किती शांत ईटीएफ आहे. शांत कसला, झोपलाय तो. एनएव्ही आतल्या शेअर्सच्या भावावरून निघते म्हणून तिथं ही भानगड नाही.

तारखा जुळवताना सुट्ट्यांकडं लक्ष ठेवा. शुक्रवारी बाजार बंद असला तर गुरुवारचा आकडा घ्यायचा, पण दोन्ही रकान्यात गुरुवारचाच. एका रकान्यात एक ओळ जरी खाली सरकली तरी पुढचं सगळं चुकतं, बीटा शून्याजवळ येतो, आणि आपल्याला वाटतं काहीतरी भारी सापडलं.

पायरी ३ : टक्के काढा

ह्या आठवड्याचा आकडा भागिले मागच्या आठवड्याचा, वजा एक. पहिल्या ओळीत लिहायचं आणि खालपर्यंत ओढायचं. भावावर थेट बीटा काढू नका, टक्क्यांवर काढायचा.

कळावं म्हणून सहाच आठवड्यांचं उदाहरण घेतो, आकडे मीच सोपे बनवलेत. निफ्टी सहा आठवड्यांत अशी हलली : +२, −१, +३, −४, +१, −१. एक बँक ईटीएफ असा हलला : +३, −१, +४, −५, +१, −२. दोन्हीची बेरीज शून्य येते, म्हणजे सरासरी शून्य, म्हणून हिशोब सोपा.

आता प्रत्येक आठवड्याचे दोन आकडे एकमेकांना गुणा आणि बेरीज करा. ६, १, १२, २०, १, २, एकूण ४२. मग निफ्टीच्या आकड्यांचे वर्ग करा. ४, १, ९, १६, १, १, एकूण ३२. ४२ भागिले ३२, आला १.३१. हाच बीटा. सरासरी शून्य नसली की आधी प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची, बाकी सगळं तेच.

ह्यात एक गोष्ट बघा. ४२ मधले २० एकट्या चौथ्या आठवड्यातून आले, ज्यात निफ्टी ४ टक्के पडली. म्हणजे मोठ्या हालचालीच्या आठवड्यांचं वजन बीट्यात फार असतं. तुमच्या दोन वर्षांत एखादा २०२० च्या मार्चसारखा महिना येत असेल तर अख्खा बीटा त्या दोन-चार ओळी ठरवतात. आणि तसला काळ डेटातून निसटला की बीटा बदलतो, ईटीएफ मात्र तोच असतो.

पायरी ४ : स्लोप

शीटमध्ये एवढी गुणाकाराची खटपट लागत नाही, स्लोप नावाचा फॉर्म्युला आहे. कंसात आधी ईटीएफच्या टक्क्यांचा रकाना, मग स्वल्पविराम, मग निफ्टीच्या टक्क्यांचा. एंटर. झालं.

क्रम उलटा करू नका! वरच्याच उदाहरणात निफ्टी आधी आणि ईटीएफ नंतर टाकला तर ४२ भागिले ५६ होतं, ०.७५ येतो, आणि निफ्टीपेक्षा जास्त उसळणारा ईटीएफ कागदावर निफ्टीपेक्षा थंड दिसायला लागतो. शीट काय ओरडून सांगत नाही की दादा चुकलं.

पायरी ५ : आर स्क्वेअर बघितल्याशिवाय उठू नका

आरएसक्यू नावाचा अजून एक फॉर्म्युला, त्यात तेच दोन रकाने द्यायचे. उत्तर शून्य ते एकमध्ये येतं. ईटीएफच्या हालचालीतला किती भाग निफ्टीच्या हालचालीशी जुळतो ते हा सांगतो. वरच्या बँक ईटीएफचा ०.९८ येतो (सहाच आकडे आणि ते पण मी बनवलेले म्हणून इतका जास्त, खऱ्यात कमी असतो). आता एक सोन्याचा ईटीएफ घ्या, त्याच सहा आठवड्यांत +१, +२, −१, +१, −२, −१. बीटा −०.२५, आर स्क्वेअर ०.१७. म्हणजे ह्याची हालचाल निफ्टीवरून फार कमी कळते, तो बाकीच्याच कारणांनी हलतोय. असल्या ठिकाणी बीटा −०.२५ आला म्हणून "निफ्टी १० पडली की सोनं अडीच टक्के वाढणार" असा हिशोब मांडत बसू नका. आर स्क्वेअर कमी तर बीटा पण कच्चाच.

ह्या आर स्क्वेअरनं मला एकदा वाचवलंय. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकून होतो, लाईट नाही, म्हटलं लॅपटॉपची बॅटरी आहे तोपर्यंत हेच करू, आधी उतरवून ठेवलेला तीन वर्षांचा डेटा होता. निफ्टी बीजचा बीटा काढला, ०.९ च्या आसपास आला. थोडा कमी वाटला पण म्हटलं असेल. नंतर आर स्क्वेअर काढला तर ०.१ च्या आसपास! निफ्टीवरच चालणारा ईटीएफ आणि निफ्टीशी नातंच नाही? बॅटरी संपत आलेली, मी एकेक ओळ बघत बसलो, आणि डिसेंबर २०१९ ला एक आठवडा सापडला ज्यात ईटीएफ ९० टक्के पडलेला. पडलाबिडला काय नव्हता, स्प्लिट झाला होता, एका युनिटची दहा झाली आणि भाव एक दशांश. मी उतरवलेले भाव जुने तसेच, स्प्लिट धरून दुरुस्त न केलेले. तीन वर्षांतली एक ओळ चुकलेली, तरी बीटा जवळजवळ बरोबर दिसत होता, नुसता तोच बघून उठलो असतो तर कळलंच नसतं. तेव्हापासून टक्क्यांच्या रकान्यात आधी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा बघतो. मिन आणि मॅक्स, दोन सेकंदांचं काम.

आता खऱ्या बाजारात हे कसं दिसतं

२३ मार्च २०२०, लॉकडाऊनच्या तोंडावर, निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडली. बँक निफ्टी १६.७ टक्के. भागून बघा, १.२८. मग ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, निफ्टी ५.९३ टक्के खाली आणि बँक निफ्टी ७.९५. भागून बघा, १.३४. चार वर्षांच्या अंतरानं, दोन पूर्ण वेगळ्या कारणांनी, गुणोत्तर जवळपास तेच. असलं बघितलं की बीट्यावर जरा विश्वास बसतो.

पण लगेच खूश होऊ नका, त्याच ४ जूनला सरकारी बँकांचा इंडेक्स १५ टक्क्यांच्या आसपास आपटला, म्हणजे निफ्टीच्या अडीच पट. आणि एफएमसीजी इंडेक्स त्या दिवशी चक्क वर बंद झाला. निकालामुळं लोकांनी सरकारी शेअर सोडले आणि साबण-बिस्किटवाल्यांकडं पळाले, हे कुठल्या जुन्या बीट्यात लिहिलेलं नव्हतं. ते गल्लीतलं पाणी. गंमत म्हणजे ७ जूनला निफ्टी परत ३ जूनच्या वर होती, ज्यांनी ४ तारखेला घाबरून विकलं ते बसले हात चोळत.

सोन्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं विटा-खानापूरचे गलाईवाले देशभर पसरलेत, घराघरात कोणीतरी सोन्यातलं बोलणारा आहे आणि "सोन्याला रिस्क नाही" हे वाक्य जेवताना एकदा तरी येतंच. गोल्ड ईटीएफचा बीटा निफ्टीच्या तुलनेत शून्याच्या आसपास असतो हे खरं. पण २३ जुलै २०२४ ला बजेटमध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली आणि इथल्या सोन्याचा भाव त्या दिवशी पाच टक्क्यांच्या आसपास कोसळला. निफ्टी जवळजवळ जागेवरच. बीटा शून्य म्हणजे रिस्क शून्य नव्हे, नदीची रिस्क नाही एवढंच. चांदीचं तर विचारूच नका, बीटा छोटा दिसतो आणि उड्या बघितल्या तर छातीत धडकी. खऱ्या अर्थानं जागेवर बसणारा म्हणजे लिक्विड ईटीएफ (अगदी थोड्या दिवसांच्या उधारीत पैसे ठेवणारा), पण त्यात वाढ पण तेवढीच.

परदेशी ईटीएफ, नॅसडॅकवाले वगैरे, ह्यांचा बीटा रोजच्या आकड्यांवरून काढूच नका. अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी उघडतो, आपली निफ्टी साडेतीनला बंद झालेली असते, त्यामुळं तिकडची पडझड आपल्याकडं दुसऱ्या दिवशीच्या ओळीत दिसते आणि बीटा खोटा-खोटा कमी येतो. आठवड्याचे आकडे घेतले की हे बरंच सुधारतं. तिथं दुसरी पण एक अडचण आहे. म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला सगळ्यांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, नवीन युनिट बनवणं अडलं आणि घेणारे मात्र तसेच. मग भाव एनएव्हीच्या वर चढतो. शंभरची वस्तू एकशे दहाला घेतली आणि उद्या तो वरचा दहाचा फुगा फुटला तर ते नुकसान कुठल्याच बीट्यात नाही. म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी आयएनएव्ही बघायची, आतल्या मालाची चालू किंमत, ती बाजार चालू असताना सतत दाखवतात. आणि लिमिट ऑर्डरच टाकायची (भाव आपण ठरवायचा), मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) नाही. हे सगळ्याच ईटीएफला लागू, पडझडीच्या दिवशी तर जास्तच.

पायरी ६ : सगळं मिळून तुमचा बीटा

माझ्या मते बीट्याचा खरा उपयोग हा आहे. कुठला ईटीएफ घेऊ हे बीटा सांगत नाही, किती घेऊ हे ठरवायला मदत करतो.

भाच्याचे आकडे गोल करून घेतो. दोन लाख. त्यातले १ लाख निफ्टी ईटीएफ, ६० हजार बँक, ४० हजार सोनं. म्हणजे निम्मे, तीस टक्के, वीस टक्के. बीटा अनुक्रमे १, १.३ आणि शून्य धरू. ०.५ गुणिले १ म्हणजे ०.५०, ०.३ गुणिले १.३ म्हणजे ०.३९, सोन्याचं शून्य. बेरीज ०.८९. हा त्याच्या पूर्ण पैशाचा बीटा.

निफ्टी १० टक्के पडली तर अंदाजे ८.९ टक्के, म्हणजे १७,८०० रुपये कागदावरून गायब. भाचा म्हणाला, "एवढं चालतंय मामा." मग मी त्याला २०२० सांगितलं. १४ जानेवारीला निफ्टी १२,३६२ ला बंद झाली होती, २३ मार्चला ७,६१०. ३८ टक्के. त्याला ०.८९ नं गुणा, ३४ टक्क्यांच्या जवळ. दोन लाखांतले जवळपास ६८ हजार, दोन महिने नऊ दिवसांत. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच, "पुढच्या छाटणीचे पैसे ह्यातनंच द्यायचे होते."

मग ते पैसे इथं नकोतच! छाटणीची मजुरी, औषधं, सोसायटीचं कर्ज, जे वर्षाच्या आत लागणार ते बीटा ०.८९ च्या टोपलीत ठेवायचंच कशाला. उरलेल्यात बँकेचं प्रमाण अर्धं करून बघ म्हटलं, तीसच्या जागी पंधरा, ते पंधरा निफ्टीत टाक. ०.६५ अधिक ०.१९५, बीटा ०.८५. फरक बघितलास का, फार नाही. मग सोनं वीसचं चाळीस करून बघ, निफ्टी पंचेचाळीस, बँक पंधरा. ०.४५ अधिक ०.१९५, आला ०.६५ च्या आत. शीटमध्ये प्रमाण बदलत बसायचं आणि ३८ टक्क्यांच्या पडझडीत किती रुपये जातात ते शेजारच्या रकान्यात बघायचं, टक्के नाही, रुपये. टक्क्यांना माणूस घाबरत नाही.

फक्त सोन्याचा शून्य आपण धरलाय, त्याची स्वतःची पडझड वेगळी, हे मघाशी सांगितलंच. आणि लो व्होलॅटिलिटीवाले ईटीएफ घेतले तर बीटा एकच्या खाली येतो, पण २०२० ला ते पण धुतले गेले होते, निफ्टीपेक्षा कमी एवढंच.

किती वेळा काढायचा

रोज काढणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्या बायका त्यांच्यावर वैतागलेल्या असतात. बीटा हा मागच्या दोन-तीन वर्षांचा हिशोब आहे, दर आठवड्याला एक ओळ वाढते आणि एक गळते, त्यानं काय आभाळ कोसळत नाही. मी वर्षातून दोनदा काढतो, एकदा मार्चच्या हिशोबानंतर आणि एकदा दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आसपास, नवीन वह्या घालतो तेव्हा. मधे इंडेक्सच बदलला किंवा मोठी रक्कम टाकायची असली तर अजून एकदा. जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी ठेवायचा. १.३ चा १.२५ झाला तर काही करू नका, १.३ चा ०.९ झाला तर आधी डेटा तपासा, स्प्लिट, सरकलेली ओळ, उलटा क्रम, ह्याच तीन ठिकाणी दहातल्या नऊ वेळा सापडतं.

आणि शीटच्या नावात तारीख टाका, कशाच्या तुलनेत काढला आणि किती आठवडे घेतले ते पण वरच्या ओळीत लिहून ठेवा. माझ्याकडं "बीटा फायनल", "बीटा फायनल नवीन" आणि "बीटा फायनल खरा" अशा तीन फायली आहेत आणि भाच्याला त्यातली नेमकी कुठली पाठवली ते आता मलाच आठवेना.